पाय सोडायला जागा

त्यांना मांडी घालून बसता येत नसे. खुर्चीवर बसवलं तर पाच मिनिटांत उठून उभे राहत. त्यांना काठ लागे. ओट्याचा, विहिरीच्या पायरीचा, शेताच्या धुऱ्याचा, कसलाही चालायचा; पण बूड पक्क्या जागी आणि पाय खाली सोडलेले, अशी त्यांची बैठक. लग्नात मांडवाखाली पंगत बसलेली असायची आणि आमचे काकाजी शेजारच्या घराच्या पायरीवर, पत्रावळ मांडीवर घेऊन. वाढणारा पोरगा विचारायचा, "काकाजी, रुसले काय गा?"

"मी नाही रुसलो. पाय रुसले," असं म्हणून ते वरणासाठी द्रोण पुढे करायचे.

मी एकदा त्यांना शहाणपणानं म्हणालो होतो, "काकाजी, खुर्चीतही पाय खालीच सोडलेले असतात की."

"खुर्ची हालते. जमीन हालत नाही," ते म्हणाले. "अन् खुर्चीवर माणूस जमिनीच्या वर बसते. मले जमिनीत बसाले पाहिजे."

यात वेडेपणा नव्हता. चाळीस वर्षं ते खड्डामागावर बसले होते. या मागासाठी घरात खड्डा खणलेला असतो. विणकर त्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तळाशी असलेल्या पावड्या पायांनी दाबत राहतो. अंग जमिनीवर आणि पाय जमिनीखाली. इतकी वर्षं असं बसलेल्या माणसाचं शरीर दुसरं काही मानायला तयार होत नाही.

ते आता नाहीत. गेल्या उन्हाळ्यात सुरतेला, पुतण्याच्या घरी वारले. त्यांच्याशी मी एक खोटं बोललो होतो. ते कबूल करायची एक संधी माझ्या हाताशी आली होती आणि तीही गेली. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की हातून विनोदीच लिहिलं जातं, कारण ते होतेच तसे. पण लिहायला बसलो तो त्या खोट्यामुळे, हे आधी सांगून टाकतो.

मी तेव्हा पाटबंधारे खात्यात नवा होतो. उमरेड रोडनं नागपुरापासून तासाभरावरच्या काकाजींच्या गावी तलावाच्या कालव्याचं काम निघालं होतं. बायको आणि दोन वर्षांची मुग्धा यांना घेऊन मी खोली शोधत फिरत होतो. विणकरांच्या आळीत बहुतेक घरांतले माग केव्हाच निघाले होते. कुणी नागपूरला लकडगंजच्या गोदामात हमालीला लागलं होतं, कुणी सुरतेला. काकाजींच्या घरात ते एकटेच राहत. त्यांची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. पुढच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्यातल्या मोठ्या खोलीत मधोमध, लांब सागवानी फळीनं झाकलेला एक खड्डा होता.

"खोली तुमची," ते म्हणाले. "पण हा खड्डा माहा."

"म्हणजे?"

"म्हंजे मी रोज सकाळी येईन. पंधरा मिनिटं बसीन. तुमी तुमचं करा, मी माहं करीन."

माझी बायको नागपुरातल्या रामदासपेठेत वाढलेली. तिनं मला अंगणात बोलावून विचारलं, "आपल्या बैठकीत परका माणूस रोज येऊन खड्ड्यात बसणार?" पण दुसरी खोली मिळत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दारात खाकरल्याचा आवाज आला. काकाजी आत आले, फळी सरकवली, खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडले आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. मी दाढी करत होतो. आरशात मला दिसलं की त्यांचे गुडघे आळीपाळीनं वरखाली होत आहेत. खड्ड्यात पावड्या नव्हत्या. तरी पाय चालूच होते. पंधरा मिनिटांनी ते उठले, फळी बसवली आणि गेले.

आठवडाभर बायको त्या वेळेला स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मग एकदा भिंतीकडे पाहतापाहताच ते म्हणाले, "बाई, दूध उतू चाललं," आणि खरंच चाललं होतं. पुढे पुढे ती निवडायच्या डाळीचं सूप त्यांच्यापुढे ठेवू लागली. एकदा साडेसात वाजून गेले तरी ते आले नाहीत, तर तीच पदर खोचून मागच्या खोलीत पाहायला गेली. त्यांना थोडी कणकण होती. त्या दिवशी ती चिडून मला म्हणाली, "तुमाले कालव्याचं पाणी कुठवर आलं ते माहीत असते, घरातला माणूस आला का नाही ते माहीत नसते." रामदासपेठेची भाषा तिनं तोवर सोडली होती.

मला आधी ते 'साहेब' म्हणत. दुसऱ्या वर्षी केव्हातरी 'बाबू' म्हणू लागले. मुग्धा त्यांना 'आबाजी' म्हणे आणि ते तिला 'माय'.

माणसांची ओळख ते पायांवरून ठेवत. गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंतचं माप त्यांना नुसत्या नजरेनं कळे. मी कालव्यावर दिवसभर टेप घेऊन फिरणारा. मला ते खरं वाटेना. त्यांनी माझ्याकडे पाहून आपल्या दोऱ्यावर बोटानं खूण केली आणि म्हणाले, "लाव तुही टेप." मी लावली. बोटभरही फरक नव्हता. "टेपले लोखंड लागते," ते म्हणाले, "दोऱ्याले डोळा."

तो दोरा म्हणजे एका जुन्या कांडीवर गुंडाळलेलं सूत होतं. दसऱ्याच्या दिवशी सकाळी ते मुग्धाला ओट्यावर बसवायचे. आळीतली बाकीची पोरं दसऱ्याला शुभ मानलेला नीलकंठ पक्षी पाहायला शेतांकडे पळालेली असायची, आणि ही इथे अडकली म्हणून कुरकुरत असायची. ते तिच्या गुडघ्यामागून टाचेपर्यंत सूत धरायचे आणि तिथे गाठ मारायचे. मागच्या वर्षीची गाठ आणि यंदाची गाठ यांत किती अंतर पडलं ते तिला दाखवायचे. मग म्हणायचे, "जाय आता. नीलकंठ तुह्यासाठी थांबला असन."

मी सहज विचारलं, हे कुठून आलं.

"माहा बाप लावे दोरा," ते म्हणाले. "दर दसऱ्याले. पाय पावडीले कधी पुरतीन ते पाहाले. ज्या साली टेकले, त्या साली पाटी सुटली."

"कितवीत होता?"

"पाचवीत. पाय लंबे होते ना गा माहे." आणि ते हसले. "माह्या सोबतचा एक बुटका होता. तो म्याट्रिक झाला."

हे सांगून ते थांबले नाहीत. लगेच अंगणातल्या सीताफळाला डोळे आले की नाही ते पाहायला उठले. पण त्यानंतर मला त्यांच्या एका सवयीचा अर्थ कळला. त्यासाठी आमच्या रविवारांबद्दल सांगायला हवं.

दसरा झाला की दिवाळीपर्यंतच्या एखाद्या रविवारी ते जाहीर करायचे, "चाला, पाय सोडाले जाऊ." पाऊस संपलेला असे. सकाळी गवतावर दव आणि दुपारी चटका. सोयाबीन कापून ढीग लागलेले असत आणि तलावाच्या पलीकडे धान पोटरीतून बाहेर पडलेलं असे. तलावाच्या पाळीखाली, एका मोहाच्या झाडाशी आमची जागा होती. सामानात कणीक, वांगी, गोवऱ्या, पाण्याची कळशी, आणि न चुकता सब्बल, म्हणजे पहार, आणि फावडं. कारण काकाजी जिथे जेवायला बसणार तिथे त्यांना खड्डा लागे.

आळीतली सात-आठ पोरं सोबत असायची. खणायचं काम त्यांचं. एक सब्बल मारायचा, दुसरी माती ओढायची, तिसरा उगाच "पाणी लागलं" म्हणून ओरडायचा. काकाजी बाजूला उभे राहून सूचना द्यायचे. खड्डा झाला की ते पाय सोडून बसत आणि त्यांचा चेहरा एकदम निवांत होत असे. मग पोरं म्हणत, आमालेही पाहिजे. असं करत करत रांगेनं खड्डे व्हायचे. पहिल्या वर्षी मी चटईवर मांडी घालून बसलो होतो. दुसऱ्या वर्षी माझ्यासाठीही खड्डा निघाला, तिसऱ्या वर्षी बायकोसाठी. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर दहा-बारा माणसं जमिनीतून उगवल्यासारखी दिसली असती. गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे जाड रोडगे भाजायला पुरलेले, बाजूला वांग्याची भाजी रटरटते आहे, तलावात डोंग्यांतून, लहान होड्यांतून, शिंगाडे काढणारे लोक वेलीखाली हात घालून पुढे पुढे सरकताहेत, आणि आम्ही सगळे गुडघ्यापर्यंत थंड मातीत. ऑक्टोबरच्या उन्हात पायांना लागणारा तो गारवा मला पुढे कुठल्याही ए.सी.त मिळाला नाही.

मोठ्यांचे खड्डे ते बरोबर मापाचे करवून घेत. तळवे तळाला अगदी टेकले पाहिजेत. मुलांचे मात्र एक वीत जास्त खोल. स्वतः वीत लावून पाहत, कमी असेल तर पुन्हा खणायला लावत. मुलं कंटाळायची.

"आबाजी, पाय टेकत नाही," मुग्धा तक्रार करायची.

"नाहीच टेकले पाहिजे. लेकराचे पाय टेकले का ते कामाले लागते," ते म्हणायचे. "हालव. झुल्यावानी हालव."

आणि ती रोडगा खात पाय हलवत राहायची.

संध्याकाळी निघताना प्रत्येकानं आपापला खड्डा बुजवायचा, हा त्यांचा नियम होता. गाय-वासरू पडलं तर पाप लागेल. एकदा मी घाईनं अर्धाच बुजवून निघालो, तर ते पाळीवरून परत गेले आणि फावड्यानं माती ओढून, पायानं दाबून आले. मला हे आज आठवतं. तेव्हा मी फक्त अंधार पडेल का, ते पाहत होतो.

त्यांच्या गमती सांगायच्या तर पुष्कळ आहेत. भुलाबाईच्या दिवसांत मुली अंगणोअंगणी गाणी म्हणत फिरत आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असे. डबा कानाशी हलवून, आवाजावरून. काकाजींच्या डब्यातून आवाजच येत नसे. मुली लाडूपासून काकडीपर्यंत सगळं म्हणून पाहत आणि हरत. ते शिंगाड्याच्या पिठाचा शिरा डब्यात गच्च दाबून भरत, म्हणजे हलायला जागाच नाही. एका वर्षी मुग्धानं डबा हलवलाच नाही. तिनं तो गालाला लावला आणि म्हणाली, गरम आहे, शिरा आहे. त्यानंतर आठ दिवस ते भेटेल त्याला हे सांगत होते.

चार वर्षांनी माझी नागपूरला बदली झाली. सदर भागातल्या ऑफिसात टेबल मिळालं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा ते ओट्यावर पाय सोडून बसले होते. बायको पाया पडायला गेली तर म्हणाले, "जाय वं बाई. खड्ड्यावरची फळी नीट लावली ना? कोणी पडन." मी म्हणालो, "काकाजी, दर वर्षी येऊ. दसऱ्यानंतरचा रविवार तुमचा."

पहिली दोन वर्षं गेलो. गाठी मारल्या गेल्या, रोडगे खाल्ले गेले. तिसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर ते स्वतःच एका रविवारी दुपारी न कळवता आमच्या फ्लॅटवर आले. हातात शिंगाड्यांची पिशवी. ओले, काळेहिरवे, तलावातून सकाळीच काढलेले.

नेमके त्या दिवशी माझे साहेब पहिल्यांदा घरी चहाला येणार होते. माझ्या बढतीचे कागद त्यांच्या टेबलावर होते. घरात नवा सोफा होता. काकाजी त्यावर टेकले आणि लगेच उठले. "याच्यात तं माणूस बुडते गा," म्हणाले आणि मुग्धाला घेऊन दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. पायरी घराचीच असते, ती हलत नाही. दोघं शिंगाडे सोलून खाऊ लागले. सालींचा ढीग पायरीवर पडत होता. मी दोनदा बाहेर येऊन पाहिलं. त्यांना आत बसा म्हणायची सोय नव्हती आणि जा म्हणायची हिंमत नव्हती.

साहेब जिना चढून आले. पायरीवर एक म्हातारा, धोतर, पिशवी, साली. ते थांबले आणि म्हणाले, "अरे वा, शिंगाडे. कसे दिले?"

मी वर दारात उभा होतो. आमच्यामध्ये सहा पायऱ्या होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं की साहेब, हे आमचे काकाजी. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मुग्धानंही पाहिलं. मी काहीच म्हणालो नाही.

काकाजी उठले. "साहेब, हे सारे इथल्या साहेबायनं घेतले," ते म्हणाले. "तुमाले पाहिजे तं त्यायच्यातून घ्या." पिशवी माझ्या हातात दिली, साली धोतराच्या सोग्यात गोळा केल्या आणि जिना उतरून गेले. किती वर्षांनी त्यांनी मला पुन्हा साहेब म्हटलं होतं. मुग्धा त्यांच्यामागे निघाली तर मी तिचा दंड धरून तिला आत घेतलं.

बढती झाली. ती त्या शिंगाड्यांमुळे झाली नाही, हे मला माहीत आहे. मी बोललो असतो तरी झाली असती, हेही माहीत आहे.

त्यानंतर मी गेलो नाही. दर वर्षी दसऱ्याला त्यांचा फोन यायचा. आवाजात काहीही नसायचं, ना राग, ना आठवण. "येता का गा बाबू?" मी म्हणायचो, यंदा परीक्षा आहे, यंदा ऑडिट आहे, यंदा हिची आई आजारी आहे. ते म्हणायचे, "बरं. काम असन तं राहू दे." अशी सहा वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला ते वेगळं बोलले. "यंदा येजा बाबू. मुग्धाचं माप बाकी आहे."

मुग्धा पंधरा वर्षांची झाली होती. मी म्हणालो, येतो काकाजी, नक्की. आणि खरंच जायचं ठरवलं होतं. पण शुक्रवारी साहेबांनी काटोलकडच्या आपल्या फार्महाऊसवर सगळ्या स्टाफला सहकुटुंब बोलावलं, त्याच रविवारी. रविवारी सकाळी आठ वाजता मी काकाजींना फोन केला आणि म्हणालो, मुग्धाला ताप आला आहे.

तिकडे मागे कुठेतरी सब्बलीचा आवाज येत होता.

"हो का," ते म्हणाले. "मंग नको आणू. वाऱ्यात नको आणू तिले. तळवे गरम आहेत का?"

"आहेत."

"तळव्याले खोबऱ्याचं तेल लाव. खाली उतरते ताप."

फार्महाऊसवर हिरवळीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. जेवण चांगलं होतं. मुग्धा कानात वायरी घालून एका खुर्चीत बसून होती. ती एकदाच बोलली, "बाबा, आज आबाजींकडे जायचं होतं ना?" मी म्हणालो, पुढच्या रविवारी.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. ताप कसा आहे. मी म्हणालो, थोडा कमी आहे. सोमवारी पुन्हा आला. मी म्हणालो, उतरतो आहे. मंगळवारी म्हणालो, उतरला. खोटा ताप उतरवायलाही मला तीन दिवस लागले. बुधवारी फोन आला नाही आणि मला बरं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

पुढच्या रविवारी बायको म्हणाली, "आज तरी जा. मी येत नाही. तुम्ही खोटं बोललात, तुम्हीच त्यांच्यासमोर उभे राहा." मी मुग्धाला घेऊन गाडी काढली. रस्ताभर तिला तापाबद्दल सांगायचं मनात होतं. उमरेड रोडचं काम कसं चाललं आहे यावर बोलत राहिलो.

घराला कुलूप होतं. शेजारच्या सुमनबाई सूप घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"काकाजी सुरतेले गेले ना बाप्पा. बुधवारी पुतण्या आला गाडी घेऊन."

"परत कधी येणार?"

"परत कायले? घर इकलं ना त्यानं. उन्हाळ्यातच ठरलं होतं. काकाजीच म्हणे, दसरा होऊ दे, एक रविवार होऊ दे, मंग नेजो." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले नाही सांगितलं काय?"

मग त्या मुग्धाकडे वळल्या. "केवढी झाली वं माय. अन् ताप कसा आहे तुहा? काकाजीनं तीन दिवस मारुतीपुढे दिवा लावला."

मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. जिन्यावर पाहिलं होतं तसंच.

"बरा आहे मावशी," ती म्हणाली. "उतरला."

सुमनबाई म्हणाल्या, "त्या मोहापाशी जाऊन या. खड्डे उघडेच आहेत. पोरायले बुजवू नाही देल्ले त्यायनं. म्हणे, येतीन ते."

तलावाची पाळ उतरून आम्ही गेलो. मोहाखाली जमिनीवर एक लांब सागवानी फळी पडलेली होती आणि तिच्यावर पळसाच्या फांद्या. गाय-वासरू पडू नये म्हणून. फळी मी ओळखली. माझ्या बैठकीच्या खोलीतली, रोज सकाळी साडेसातला सरकणारी. आम्ही दोघांनी ती उचलून बाजूला ठेवली. खाली रांगेनं चार खड्डे होते. कडा फावड्यानं साफ केलेल्या, तळ दाबून सारखा केलेला. पंचाहत्तरीच्या माणसानं ते कसे खणले असतील, मला कळत नाही. पोरांनी मदत केली असेल.

मुग्धा एका खड्ड्याच्या काठावर बसली. कुठला आपला, हे तिला विचारावं लागलं नाही. तोच सगळ्यांत खोल होता. तिनं चपला काढल्या आणि पाय सोडले. ते तळाला टेकले नाहीत. तिनं वाकून तळवा आणि माती यांच्यामध्ये हात घातला. अंगठा आणि करंगळी ताणून पाहिली.

"एक वीत," ती म्हणाली.

सहा वर्षं त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. सहा गाठी त्यांनी कुणाच्या पायाला सूत न लावता मारल्या असतील. मी तिच्या शेजारच्या खड्ड्याच्या काठावर बसलो आणि बूट काढले.

"फोन द्या," मुग्धा म्हणाली. मी दिला. पुतण्यानं उचलला असावा, कारण ती म्हणाली, "आबाजींना द्या." मग बराच वेळ थांबली.

"आबाजी, मी मुग्धा. हो, उतरला. पूर्ण उतरला. तेल लावलं होतं." ती ऐकत होती. "मोहाखाली आहे. बसले आहे." पुन्हा ऐकलं. मग पाय पुढेमागे हलवले. "नाही आबाजी. नाही टेकले."

तिकडून येणारा आवाज मला फोनमधून बारीक ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. सुरतेला पुतण्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. तिथे ते कशाच्या काठावर बसले असतील, असं माझ्या मनात आलं.

"बाबा इथेच आहेत," मुग्धा म्हणाली. "त्यांना देऊ?"

मी हात पुढे केला. काय म्हणायचं ते माझं ठरलं होतं. काकाजी, ताप नव्हता. एवढे तीन शब्द.

मुग्धा ऐकत राहिली. मग "बरं आबाजी" म्हणून तिनं फोन कानावरून काढला आणि बंद केला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, राहू दे. त्याले काम असन."

ती पाय हलवत तलावाकडे पाहत होती. डोंगे पलीकडच्या काठाला लागले होते. मी खाली पाहिलं. माझे दोन्ही तळवे गार मातीवर अगदी सपाट टेकले होते.

निघताना चारही खड्डे मी बुजवले. पायानं दाबून.